कवड्याचं मडकं

दिवेलागणीला आरशात पाहिलं तेव्हा माझ्या डाव्या पायाच्या तळव्यावर दोन भोकं होती. शेजारी शेजारी, सभ्य अंतर ठेवून. मी तळवा दिव्याकडे वळवला, मग दिवा तळव्याकडे सरकवला. भोकं जागची हलली नाहीत. एका भोकातून थोडं रक्त येऊन वाळलं होतं, दुसऱ्यानं तेवढेही कष्ट घेतले नव्हते. दुखत काहीच नव्हतं. पण त्यावरून काही ठरवता येत नव्हतं, कारण माझे पाय दुखायचे केव्हाच बंद झाले होते. मागच्या उन्हाळ्यात चुलीतून उडालेला निखारा माझ्या टाचेखाली आला, तो मला वासावरून कळला. तोवर मला वाटत होतं की आई काहीतरी चांगलं भाजते आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानातून आणलेला हातआरसा जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर पाय धरून पाहायचं, असा नेम होता. जगात लोक आरशात तोंड पाहतात. मी पाय पाहत असे, आणि खरं सांगायचं तर बरेच दिवस ते तोंडापेक्षा बरे दिसत होते.

मग मी कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात तीन मडकी होती. पहिल्यात ओली वाळू, आणि वाळूत गळ्यापर्यंत पुरलेली माझ्या औषधाची बाटली. लढाई सुरू झाल्यापासून ती बाटली हैदराबादेहून केव्हा येईल याचा नेम नव्हता, म्हणून तिला देवासारखी थंडाव्याला ठेवलेली. दुसऱ्यात कोरडी वाळू आणि मांडूळ. मांडूळ इतकं शांत होतं की ते जिवंत आहे की नाही हे पाहायला त्यालाही आरसा लावावा असं वाटे. तिसऱ्यात कवड्या साप. कवड्याच्या मडक्यावरचं झाकण वाकडं होतं. फार नाही, बोटभर. पण मी झाकण वाकडं ठेवत नाही. ज्याला सकाळ-संध्याकाळ मोजून सुई टोचायची असते तो माणूस झाकण वाकडं ठेवत नाही.

ही मडकी सोडली तर आमचं घर हिंगोलीतल्या कुठल्याही घरासारखं होतं. वडील गेलेले, आई होती, मी दिवसा जिनिंगच्या कारखान्यात रुईच्या गाठींवर खुणा करायला जात असे. माझं नाव उकंडराव. माझ्या आधीची दोन लेकरं जन्मली आणि गेली, म्हणून मला जन्मल्याबरोबर सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि दुसऱ्या बाईनं उचलून परत आईच्या ओटीत घातलं. मरणानं येऊन पाहिलं तर केरकचरा दिसावा, अशी त्यातली योजना. योजना चांगली होती. मरण आलं, त्यानं पाहिलं, पण केरकचऱ्याला मुंग्या लागलेल्या पाहून त्याला शंका आली असावी. मी चौदा-पंधरा वर्षांचा असताना परसात मी लघवीला जिथं उभा राहायचो तिथं मुंग्यांची रांग लागायला लागली. आई म्हणाली, काहून रं, तिथं गूळ सांडला का? गूळ सांडला नव्हता, पोरगं सांडत होतं. पुढं मी वाळत गेलो, तांब्याच्या तांब्या पाणी पीत गेलो, आणि परभणीच्या डॉक्टरांनी मला मधुमेह आहे असं सांगितलं तेव्हा आईला पहिल्यांदा तो काही मान वाटला, कारण त्या शब्दात मध होता.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी मला काचेची पिचकारी उकळून सुई घ्यायला शिकवली, सुई घेतली की लगोलग जेवायचं हे शिकवलं, आणि अंग थरथरून घाम फुटला तर तोंडात तत्काळ गुळाचा खडा टाकायचा हेही. शेवटी त्यांनी विचारलं, काही नाद? मी म्हणालो, साप पाळतो. हे ऐकून न दचकलेला तो पहिला माणूस. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग पाय रोज बघत जा. काही चावलं तर तुम्हाला कळणार नाही." साप सोडून दे असं ते म्हणाले नाहीत. मी गाडीत बसून हिंगोलीपर्यंत विचार करत आलो. माझ्या ध्यानात आलं की मधुमेह आणि साप पाळायचे नियम एकच आहेत. वेळेवर खायला घालायचं. अंधारात हात घालायचा नाही. आणि आता सवय झाली, असं कधी म्हणायचं नाही. त्यात मी माझी एक भर घातली: सुई घेतल्यावर जेवण होईपर्यंत मडक्याला हात लावायचा नाही, कारण थरथरता हात सापाला आवडत नाही. नियम मी काटेकोर पाळत होतो. फक्त एका बाबतीत घरात अडचण होती, ती गुळाची.

आईनं औंढ्याला जाऊन नागनाथाला नवस केला होता. लेकराची साखर उतरेस्तोवर घरात गोड येणार न्हाई. घरात म्हणजे घरात. डॉक्टर काहीही म्हणोत, नवस डॉक्टरांच्या आधी बोललेला होता. पोळ्याला आमच्याकडे पुरणपोळी व्हायची, पण डाळीची आणि मिठाची. बैलांना सुद्धा तीच. बैल ती खाऊन आईकडे ज्या नजरेनं पाहत ती मी अजून विसरलो नाही. शिवाय रोज सकाळी मूठभर कडुलिंबाचा पाला, कोवळा असो की जून. डॉक्टराची सुई तुझी अन् नागनाथाचा पाला माजा, असं आई म्हणायची. पहिली दोन वर्षं पाला कडू लागला. मग लागेना. आता मी तो वर्तमानपत्र वाचत खात असे. आणि गूळ मी एका पत्र्याच्या तंबाखूच्या डबीत घालून अशा जागी ठेवला जिथं आईचा हात जाणं शक्य नव्हतं: कवड्याच्या मडक्यात, तळाशी. आई सापांना भीत होती. झाडताना त्या कोपऱ्याला ती लांबून झाडू दाखवून परत फिरे. मी कधी गरज म्हणून, कधी गरज आहे असं ठरवून, डबीतला तुकडा मोडत असे. गंमत म्हणजे तो खडा झिजतच नव्हता. किती दिवस झाले तरी तेवढाच. याचं श्रेय मी माझ्या संयमाला देत होतो.

कवड्याबद्दल मात्र माझ्या मनात एक बारीकशी शंका पहिल्यापासून होती, ती तळव्याकडे पाहता पाहता मोठी व्हायला लागली. तो मला गोपीचंदानं दिला. गोपीचंद तांड्यावरचा, कापसाच्या गाड्यांबरोबर यायचा. गोणीखाली सापडलेलं ते काळपट, पांढऱ्या पट्ट्यांचं जनावर त्यानं पटक्यात बांधून आणलं. मी विचारलं, मण्यार तर न्हाई? कारण मण्यार आणि कवड्या दिसायला सख्खे भाऊ. एक घरात पाली खातो, दुसरी घरातली माणसं मारते. गोपीचंद म्हणाला, "मण्यार असती तर मी हितं हुबा ऱ्हायलो असतो का?" हा पुरावा मला तेव्हा बिनतोड वाटला. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक असतात, कवड्याचे डोक्याकडे. मी दिवा धरून पाहिलं, ते मला दोन्हीकडे ठळक दिसले. बरं, इतक्या दिवसांत तो एकदाही मला चावला नव्हता. चावला असता तर शंका फिटली असती. पाली मात्र त्यानं घरातल्या साऱ्या संपवल्या. त्यामुळं आमच्या घरात एक विचित्र स्थिती आली होती. बोलता बोलता पाल चुकचुकली की बोलणं खरं ठरतं. आमच्याकडे चुकचुकायला कुणी उरलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरात कुणाचंच बोलणं खरं ठरत नसे.

मण्यार चावलेली कळत नाही, असं सगळेच सांगतात. झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सुजत नाही, माणूस सकाळी उठत नाही इतकंच. माझे पाय तर जागेपणीही झोपलेले. मी शांत होतो. चूल पेटलेली होती, आईच्या हाताखाली भाकरी थापल्याचा आवाज एका लयीत येत होता, आणि सुई मी नुकतीच घेतलेली होती. सुई घेतली आहे, म्हणजे जेवलं पाहिजे. साप चावला आहे, म्हणजे जेवता कामा नये. ते तर आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. पोटात अन्न गेलं की जहर चढतं. मला ते खरं वाटत होतं का? दिवसा विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. पण आत्ता, पायाखाली दोन भोकं आणि भोकांखाली आरसा असताना, माझ्या आतला उकिरड्यावरचा उकंड्या म्हणाला, जरा थांब. जरासं थांबून बघ. त्या जरा थांबण्यातच सटवाजीकाका दारात आले.

सटवाजीकाका शेजारचे, मोंढ्यात हळद तोलायचे. त्यांचे हात, कान आणि बोलणं पिवळं होतं. ते विस्तव मागायला आले होते, पण माझा पाय पाहिल्यावर विस्तव विसरले. त्यांच्या तोंडावर जो आनंद पसरला तो त्यांनी लगेच काळजीत बदलला, हे मी मान्य करतो.

"वैनी! अवो जिवनाबाई! डसलं की वो पोराला!"

भाकरीचा आवाज थांबला.

"काई न्हाई काका," मी म्हणालो, "मीच मला डसलो. चव बघत होतो."

"बघा, बघा, बरळून राहिला!"

ही माझी पहिली चूक. मी जन्मभर थट्टाच करत आलो, तेव्हा माझं खरं बोलणं कोणतं हे ओळखायला लोकांपाशी काही साधन नव्हतं, आणि घरात पाल नव्हती. आई हातात भाकरीची थाळी घेऊन आली. पिठाचे हात, चेहरा कोराच. सटवाजीकाकांनी ती थाळी तिच्या हातून काढून कोनाड्यात उंच ठेवली.

"अन्नाचा कण न्हाई. पानी न्हाई. झोपू द्यायचं न्हाई. मी पाला आनतो, मंग बैलगाडी जुपू. औंढ्याला नेऊ नागनाथाम्होरं."

"काका, म्या सुई घेतली हाय. मला जेवाय पाहिजे."

"सुईचं काय घेऊन बसला? जहर आधी का सुई आधी?"

हा प्रश्न तसा गहन होता. मी त्याचा विचार करू लागलो, आणि विचार करता करता मला पहिला घाम आला. मानेवर, केसांच्या मुळाशी, गार. मला तो ओळखीचा वाटला. पण मण्यारीचा घाम कसा असतो ते मला माहीत नव्हतं, तेव्हा ओळख पटवायला दुसरा कुणी नव्हता. सटवाजीकाका कडुलिंबाचा डहाळा घेऊन आले आणि मूठभर पाला माझ्या तोंडात कोंबला. साप चावलेल्याला पाला चारायचा. कडू लागला तर जहर नाही, नाही लागला तर चढलं. मी पाला चावला. खूप चावला.

"लागतो का कडू?"

"रोजच्यासारखा."

"म्हंजी?"

"म्हंजी न्हाई लागत."

सटवाजीकाकांनी आईकडे असं पाहिलं की जणू माझ्या मापात आता हळदीएवढंच वजन उरलं आहे. मला समजावून सांगायचं होतं की मी रोज मूठभर खातो, ह्या परीक्षेत मी सात वर्षांपासून नापास आहे. पण शब्द ओठांपाशी येऊन एकमेकांना आधी जा, आधी जा म्हणत उभे राहिले. हात थरथरू लागले होते. दिव्याच्या ज्योतीभोवती एक पिवळा गोल आला, त्यात काकांचं डोकं हललं, आणि मला आठवलं की लहानपणी तांब्याच्या हंड्यात तोंड घालून हाक मारली की आवाज असाच गोल होऊन परत यायचा. उकंडाऽ. कोण ओरडतंय? उकिरड्यावर आहे मी, सुपात आहे, वर आभाळ आहे, आणि एक बाई मला उचलायला यायची आहे, ती दुसरी बाई, ठरवून ठेवलेली, पण ती वाटेत कुणाशी तरी बोलत थांबली आहे. फार भूक लागली होती. भूक अशी की पोटात नाही, दातांत. डबी, मी म्हणालो. निदान म्हणायचं तरी तेच होतं.

"काय म्हनतोय?"

"गाडी म्हनतोय. जुपतो रं, जुपतो!" सटवाजीकाका म्हणाले, आणि मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या वाकड्या झाकणाकडे गेली. "पर आधी त्या जनावराला ठेचतो." त्यांनी दाराआडची काठी घेतली.

आता माझ्यापुढचा प्रश्न अगदी साधा झाला होता. गूळ मडक्यात होता. काका मडकं फोडणार होते. साप मरणार, गूळ पायदळी जाणार, आणि मी गाडीत घालून औंढ्याच्या वाटेवर, नागनाथाच्या कृपेनं, उपाशी मरणार. तेही सापाच्या नावावर. कवड्यावर हा आळ फार वाईट होता. बिचारा पाली खाऊन जगत होता. मी उठायला गेलो तर जमीन उठली आणि मी तिथंच राहिलो. गालाखाली शेणानं सारवलेली जमीन गार लागली. पायाला जे कळत नव्हतं ते गालाला कळत होतं, आणि याचं मला त्या वेळी उगाचच फार बरं वाटलं.

"थांबा भावजी," आई म्हणाली.

ती काही मोठ्यानं बोलली नव्हती. तिनं पदर खोचला. कोपऱ्यात गेली. तिन्ही मडक्यांतलं नेमकं तिसरं पुढ्यात ओढलं, झाकण काढून बाजूला ठेवलं आणि आत हात घातला. कोपरापर्यंत. पिठाचा हात. सटवाजीकाकांच्या हातातली काठी हवेतच राहिली. मी जमिनीवरून पाहत होतो, त्यामुळं मला मडकं डोंगराएवढं दिसत होतं आणि आई त्याहून थोडी उंच.

"सर तिकडं," ती आत म्हणाली. आजारी जावेला बोलावं तशा आवाजात, ना रागानं ना प्रेमानं. आणि आतला तो सरला असावा, कारण हात डबी घेऊन वर आला. मनगटावर पट्ट्या-पट्ट्यांची शेपूट क्षणभर लोंबली. तिनं ती दुसऱ्या हातानं अलगद सोडवून आत टाकली आणि झाकण लावलं. मग माझं डोकं मांडीवर घेतलं, गुळाचा खडा दातानं फोडला आणि तो भुगा बोटानं माझ्या हिरड्यांवर, गालाच्या आत, चोळत राहिली. तिच्या बोटाला पिठाची आणि धुराची चव होती. मग गुळाची आली.

"वैनी, काय करून राहिल्या! जहरावर गोड?" काका भानावर आले. "अन् तुमच्या घरात गोड आलं कुठून? नवस हाय ना तुमचा?"

"घरात न्हाई," आई म्हणाली. "मडक्यात हाय. मडकं काय घर हाय का? ते नागनाथाच्या लेकराचं हाय."

काकांनी काठी खाली टेकवली.

दिव्याभोवतीचा पिवळा गोल हळूहळू लहान होत गेला आणि शेवटी दिव्यात मावला. काकांच्या डोक्याला पुन्हा दोन पिवळे कान आले. आईनं दुसरा तुकडा दिला, मग कोनाड्यातून थाळी काढून भाकरी कुस्करून दुधात कालवली. मी जेवत असताना काका काठी धरून मडक्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत होते. त्यांचं समाधान झालं नव्हतं. मेलेला माणूस असा जेवताना त्यांनी पाहिला नव्हता. जेवण झाल्यावर त्यांनी डहाळीवरचा उरलेला पाला ओरबाडला आणि म्हणाले, "पुन्हा खा."

मी खाल्ला. तोंडात गूळ मुरलेला होता. पहिल्या चावण्यालाच जीभ मागे सरकली, डोळे मिटले, सगळं तोंड आत ओढलं गेलं. कित्येक वर्षांनी पाला पाल्यासारखा लागला.

"कडू!" मी ओरडलो.

सटवाजीकाकांनी काठी टाकली आणि कोपऱ्यातल्या मडक्याला हात जोडले. "उतरलं! त्याच्याच मडक्यातल्या गुळानं उतरलं!" आणि विस्तव न घेताच ते गल्लीत सांगायला गेले. पुढं दोन-तीन महिने कुठकुठल्या गावची माणसं विंचू चावलेल्या, कुत्रं चावलेल्या लेकरांना घेऊन आमच्या दारात येत आणि मडक्यातला गूळ मागत. आई त्यांना दुसरीकडे पाठवी. एकदा तर एक पोट दुखणारा आला होता. तो मांडूळ पाहूनच बरा झाला.

त्या संध्याकाळी काका गेल्यावर आईनं माझ्या वहाणा उजेडात घेतल्या. डावीच्या तळातून बाभळीचा काटा आरपार आला होता. बाभळीचा काटा जोडीनं येतो, हे कुणाही ढोराला कळतं. कारखान्यामागच्या वाटेनं मी तो पायात घेऊन बाजारभर फिरलो असणार. आईनं सुईनं तो जोड उकरून काढला, चुलीत टाकला, आणि वहाण माझ्यापुढं सरकवली.

"सटवाजीला सांगू नको. लई खूश होऊन गेला."

मी डबी घेऊन मडक्यापाशी गेलो. जेवण झालं होतं, हात स्थिर होता, नियमानं परवानगी होती. झाकण काढून पाहिलं. कवड्या तळाशी, डबीच्या जागेवर, रिकाम्या गोल खळग्याभोवती वेटोळं करून बसला होता, जसं कुणी पाहुणा उठून गेल्यावर त्याची जागा धरून बसावं. डबीत उरलेला गूळ मी दिव्याला धरून पाहिला. खालचा थर जुना, काळसर, मी भरलेला. वरचा पिवळा, ताजा, ह्या आठवड्याच्या बाजारातला. तो खडा का झिजत नव्हता ते मला कळलं, आणि माझ्या संयमाबद्दल मला जे वाटत होतं ते मी मुकाट्यानं परत घेतलं. झाकण दुपारी कुणी वाकडं ठेवलं असेल, याचाही मग फार विचार करावा लागला नाही.

"आई," मी म्हणालो, "या मडक्यात तू आधी कदी हात घातलता का?"

ती परातीतलं पीठ गोळा करत होती. मनगटावर जिथं शेपूट लोंबली होती तिथलं पीठ तेवढं पुसलं गेलं होतं.

"मी? त्या जनावरात?" ती म्हणाली. "आज पयल्यांदाच."

मी आढ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ वाट पाहिली. पाल चुकचुकली नाही. मग मी डबी तळाशी ठेवली, आणि झाकण तिला काढायला सोपं जावं म्हणून बोटभर वाकडं लावलं.